थर्मासमधला दुसरा आकडा

१

वजनखोलीत शिरताना मावशी नेहमी चपला बाहेर काढायची आणि श्वाससुद्धा जपून घ्यायची. तिथल्या काट्याला माणसाचा उच्छ्वासही खपत नसे, आणि सरांना तर मुळीच नाही. त्या सोमवारी सकाळी साडेदहाला ती लादी पुसायला आत गेली आणि अशी किंचाळली की खालच्या मजल्यावरचा पहारेकरी धावत वर आला.

सर टेबल आणि भिंतीच्या मधे कुशीवर पडले होते. चष्मा नाकावर तसाच होता. उजव्या हाताने पांढऱ्या कोटाची छाती मुठीत धरलेली. खुर्ची उलथलेली. टेबलावर त्यांची वही उघडी होती आणि वहीशेजारी एक झाकण लावलेली काचेची बरणी होती.

ती प्रयोगशाळा कॉफी तपासायची. कच्चे दाणे, भाजलेली पूड, कॉफीच्या अर्काच्या कॅप्सूल, कशात कॅफीन किती आणि आम्लं किती हे मोजून सही-शिक्क्याचा कागद द्यायची. सर तिथले मुख्य रसायनतज्ज्ञ होते. पाठीमागे सगळे त्यांना 'मिलिग्रॅम सर' म्हणत. घरी आणलेले टोमॅटोही ते पुन्हा तोलतात, असं त्यांची बायकोच हसत सांगायची.

दुपारपर्यंत डॉक्टरांचा निरोप आला. हृदय बंद पडून मृत्यू. रक्तात भयंकर कॅफीन, आणि बाहेरच्या फळीवरच्या त्यांच्या थर्मासमध्ये उरलेल्या कॉफीतही तेच.

"म्हणजे कॉफी पिऊन गेले?" हवालदाराने विचारलं.

"साध्या कॉफीने मरायचं तर शंभर कप लागतील," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. "आणि यांचं हृदय आधीच अधू होतं म्हटलं तरी पन्नास."

बाईंना खात्यात कुणी घाई करताना पाहिलं नव्हतं. वरचे साहेब त्यावरून चिडायचे आणि शेवटी अवघड प्रकरण त्यांच्याच टेबलावर आणून ठेवायचे.

हे प्रकरण मात्र कुणाला अवघड वाटत नव्हतं. सहा आठवड्यांपूर्वी एका शाळेतली खेळाची शिक्षिका, वय सव्वीस, वजन उतरवायच्या कॅप्सूल घेऊन मैदानावरच कोसळून मेली होती. त्या कॅप्सूल याच प्रयोगशाळेने पास केल्या होत्या आणि कागदावर सरांची सही होती. शुद्ध कॅफीनची बाटली लोखंडी कपाटात असायची. कपाटाची किल्ली एकच, ती सरांच्या पट्ट्याला साखळीने अडकवलेली. सही सहन झाली नाही, कपाट उघडलं, कॉफीत घातलं, प्यायले. सगळं जुळत होतं.

बाईंनी सरकारी प्रयोगशाळेतल्या परीक्षकांना बोलावलं. निवृत्तीला आलेले, बारीक चणीचे गृहस्थ. त्यांच्यासमोर कपाट उघडलं आणि बाटली काट्यावर ठेवायला सांगितली. सरांच्या वहीत शेवटच्या वापरानंतरचं वजन लिहिलेलं होतं.

परीक्षकांनी वही पाहिली, काटा पाहिला, पुन्हा वही पाहिली.

"शेवटच्या आकड्यापर्यंत जुळतंय," ते म्हणाले. "या बाटलीतलं कणभरही कमी झालेलं नाही."

"मग थर्मासमध्ये आलं कुठून?" हवालदार म्हणाला.

२

सरांची बायको भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. तिचा भाऊ खिडकीशी उभा होता. त्याची कॉफी भाजायची भट्टी होती, अंगाला धुराचा वास कायमचा बसलेला.

"थर्मास मी भरला. आठ वाजता," ती म्हणाली. "याच्याच भट्टीची पूड. काळीकुट्ट भाजलेली. यांना दुसरी चालायची नाही."

"आणि तुम्ही सकाळी प्रयोगशाळेत गेला होतात," बाई भावाला म्हणाल्या.

"सव्वानऊला. दाण्यांचा नमुना द्यायला. थर्मास फळीवर होता, सगळ्यांचे डबे तिथेच असतात, आत न्यायला बंदी आहे." त्याने ओठ आवळले. "मागच्या महिन्यात भावजींनी माझे दाणे नापास केले. सख्ख्या मेहुण्याचे! मी चिडलो होतो, ते लपवत नाही. सगळ्या गल्लीने ऐकलंय."

बाईंनी त्याला बाहेर पाठवलं आणि स्वतः ताईंच्या समोर जमिनीवर मांडी घातली.

"ताई, डॉक्टर म्हणतात एवढं कॅफीन विषासारखं कडू लागतं. माणूस पहिला घोट थुंकून टाकील. यांनी पाऊण थर्मास संपवला. कसा?"

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"दोन वर्षांपूर्वी ताप आला होता. त्यात जीभ गेली त्यांची. वास नाही, चव नाही. मीठ समजायचं नाही की साखर. कॉफीवाल्याची जीभ गेली म्हटल्यावर कामावर कोण ठेवील? म्हणून कुणाला सांगितलं नाही."

"कोणाकोणाला ठाऊक होतं?"

"मला. भावाला. डॉक्टरांना."

"कामावर?"

"नाही," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली.

प्रयोगशाळेचा मालक गुळगुळीत दाढीचा, सतत हात चोळणारा माणूस होता. कॅप्सूलचा कारखानाही त्याचाच.

"आत्महत्या, मॅडम. दुसरं काय? त्या मुलीचं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. आणि बघा, येत्या गुरुवारी मोठे ग्राहक येणार होते, सर त्यांच्यासमोर बारा कॉफ्या चाखून दाखवणार होते. पत्रिका छापल्यात मी! आता कुणाची जीभ दाखवू त्यांना?"

राहिली धाकटी. सरांच्या हाताखालची रसायनतज्ज्ञ. सरांनीच तिला वीस वर्षांपूर्वी काम शिकवलं. वयाची चाळिशी उलटली तरी 'धाकटी' हे नाव तसंच राहिलं होतं. ती रडली नव्हती. टेबल पुसून, कागद सरळ करून बसली होती.

"सर सकाळी लवकर आले," ती म्हणाली. "त्या कॅप्सूलच्या पुडीचा राखीव नमुना आपल्याकडे असतो. प्रत्येक मालातला तीस ग्रॅम आम्ही वर्षभर जपून ठेवतो. तक्रार आल्यामुळे तो त्यांना स्वतः पुन्हा मोजायचा होता. वहीशेजारची बरणी तीच."

"आधी कुणी मोजला होता?"

"मी. दोन टक्के कॅफीन. तुम्हीही मोजून घ्या, मॅडम. दोनच निघेल."

बाईंनी बरणी आणि थर्मास दोन्ही परीक्षकांकडे पाठवले.

३

दोन दिवसांनी परीक्षकांनी बाईंना बोलावलं. त्यांच्या टेबलावर लांब कागद पसरले होते. त्यावर सरळ रेषा आणि मधेच उठलेले सुळके.

"हा सुळका कॅफीनचा," ते बोट ठेवत म्हणाले. "जेवढा उंच तेवढा जास्त. बरणीतल्या पुडीत दोन टक्के. धाकटी खरं सांगतेय. आता थर्मास बघा."

थर्मासच्या कागदावर कॅफीनचा सुळका वरच्या कडेला जाऊन भिडला होता.

"हे अपेक्षितच होतं. पण बाई, त्याच्या शेजारचा बघा. तुम्ही फक्त कॅफीन विचारलं होतं, मी सवयीने सगळंच मोजलं."

शेजारी दुसरा सुळका होता, जवळजवळ तेवढाच उंच.

"हे क्लोरोजेनिक आम्ल. कच्च्या दाण्यात भरपूर असतं. दाणा भाजला की जळत जातं. कॅफीनला भाजून काही होत नाही, ते राहतं. आता सरांच्या थर्मासमध्ये काळीकुट्ट भाजलेली कॉफी होती ना? मी त्या मेहुण्याची पूड मागवून तशीच कॉफी करून बघितली. तिच्यात हे आम्ल नावापुरतं आहे. थर्मासमध्ये त्याच्या कित्येक पट."

हवालदार कानामागे खाजवत म्हणाला, "म्हणजे कुणी कच्च्या दाण्याची कॉफी ओतली?"

"तेवढ्याने एवढं होणार नाही. कच्च्या कॉफीचा सुका अर्क ओतला. कॅप्सूलमध्ये भरतात तो. आणि त्या अर्कात आधीच कुणीतरी ढिगाने कॅफीन मिसळलेलं होतं. चार भाग आम्लाला पाच भाग कॅफीन. निसर्गात असं प्रमाण नसतं."

"पण बरणीत तर दोनच टक्के आहे."

"बरणीत आहे," बाई म्हणाल्या आणि उठल्या. "हवालदार, त्या शिक्षिकेच्या वडिलांकडे जाऊन या. तिची बाटली त्यांनी ठेवली असेल तर मागून आणा. नीट मागा."

हवालदार संध्याकाळी परतला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. बाटली शिक्षिकेच्या धावण्याच्या बुटांशेजारी तशीच होती. वडिलांनी बाटलीवरची धूळसुद्धा पुसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांचा फोन आला. बाटलीतल्या पुडीत चार भाग आम्लाला पाच भाग कॅफीन होतं.

ज्या पुडीने शिक्षिका मेली, तीच सरांच्या थर्मासमध्ये होती. आणि ज्या बरणीत ती पूड असायला हवी होती, त्या बरणीत दुसरीच साधी पूड होती.

४

मालकाने तासभर नाही नाही म्हटलं. मग परीक्षकांचा कागद समोर ठेवल्यावर त्याचं हात चोळणं थांबलं.

"मिसळलं होतं," तो म्हणाला. "नुसत्या अर्काने लोकांना फरक जाणवत नाही, मॅडम. बाटली परत आणून आपटतात. म्हणून थोडं कॅफीन... कामगारांनी प्रमाण चुकवलं. पण प्रयोगशाळेचा कागद दोन टक्क्यांचा आला! मला वाटलं सुटलो, नमुना चांगल्या पोत्यातला गेला असणार."

"आणि माल सोडलात."

त्याने समोरचा कागद उलटा करून ठेवला.

"सर पुन्हा मोजणार हे तुम्हाला कळलं होतं?"

"नाही. आणि कळलं असतं तरी मी त्यांच्या कॉफीत काहीतरी घालीन? त्या माणसाच्या? दाणा कुठल्या डोंगरउताराचा ते एका घोटात सांगायचे ते. तोंडाला लावून तिथेच थुंकले असते आणि मला धरून आणलं असतं. मी चोर आहे, मॅडम, वेडा नाही."

बाईंनी त्याला ताब्यात घेतलं, दुकानांना तो माल विकू नका म्हणून कळवलं, आणि परत येताना गाडीत छापलेली पत्रिका उलटसुलट करत राहिल्या.

"खरं बोलतोय तो," शेवटी त्या म्हणाल्या. "गुरुवारच्या पत्रिका खरंच छापल्या आहेत. जीभ गेलेल्या माणसाला कुणी ग्राहकांसमोर बसवत नाही."

"मग मेहुणा," हवालदार म्हणाला. "जिभेचं त्याला ठाऊक होतं, भांडणही झालं होतं."

"पण ती पूड विष आहे हे त्याला कुठून कळणार? कागदावर ती दोन टक्क्यांची साधी पूड आहे. तीस ग्रॅम घालूनही माणसाला फारतर झोप येणार नाही. तेच त्याच्या बहिणीचं. ज्याने हे केलं त्याला दोन गोष्टी ठाऊक हव्यात. पूड मारू शकते ही एक. आणि सरांना चव कळत नाही ही दुसरी. मालकाला पहिली ठाऊक, दुसरी नाही. घरच्यांना दुसरी ठाऊक, पहिली नाही."

हवालदाराने गाडीचा वेग कमी केला.

"दोन्ही ठाऊक असलेला माणूस पाहिजे," तो म्हणाला.

"आणि ज्याचा हात राखीव नमुन्याच्या कपाटापर्यंत पोचतो."

५

प्रयोगशाळेच्या दप्तरखोलीत बाई आणि हवालदार दिवसभर बसले. परीक्षक मदतीला होते.

नमुना मोजणारं यंत्र आपणहून प्रत्येक मोजणीला क्रमांक देत असे. तो कुणाला बदलता येत नव्हता. ज्या आठवड्यात त्या पुडीचं प्रमाणपत्र निघालं, त्या आठवड्यातल्या दोन क्रमांकांचे कागद फायलीत नव्हते. एक सोमवारचा, एक मंगळवारचा. प्रमाणपत्र सोमवारचं होतं. त्याला जोडलेला कागद परीक्षकांनी भिंगाखाली धरला आणि जुन्या फायली उपसायला लागले. तासाभराने त्यांनी दुसरा कागद काढून शेजारी ठेवला. चार महिन्यांपूर्वीच्या एका साध्या पुडीचा. वीज क्षणभर गेली की रेषेला खाच पडते. दोन्ही रेषांना अगदी एकाच जागी, एकाच आकाराची खाच होती.

"वीज दोनदा अशी जात नाही," परीक्षक म्हणाले. "जुन्याच कागदाची नक्कल, क्रमांक झाकून, नव्या तारखेने लावलीय. सही सरांची, पण मोजणाऱ्याच्या जागी नाव धाकटीचं. खरी मोजणी झाली होती, दोनदा. ते कागद फाडलेत."

"म्हणजे पहिली गोष्ट तिला ठाऊक होती."

दुसरी गोष्ट बाईंना चव-तपासणीच्या तक्त्यांत सापडली. प्रत्येक कॉफीला सर आणि धाकटी वेगवेगळे गुण देत. आधीच्या वर्षांत दोघांचे गुण क्वचितच जुळलेले. एकदा तर सरांनी समासात 'मूर्ख!' असं लिहिलं होतं. तापाच्या महिन्यापासून मात्र दोघांचे गुण हुबेहूब सारखे. सलग दोन वर्षं.

बाई तो तक्ता घेऊन पुन्हा ताईंच्या घरी गेल्या आणि तिच्यासमोर धरला. तिने तो पाहिला आणि तिचे डोळे भरून आले.

"तिची नोकरी घालवू नका," ती म्हणाली. "मीच गेले होते तिच्याकडे. म्हटलं, बाई गं, तुझ्या सरांना सांभाळून घे. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत. तिने एका शब्दाने नाही म्हटलं नाही. स्वतः चाखायची आणि कागदाच्या तुकड्यावर आकडे लिहून यांच्या खिशात घालायची. हे गेल्यापासून रोज संध्याकाळी येऊन बसते माझ्याजवळ. म्हणून तुम्हाला खोटं बोलले मी."

बाईंनी तक्ता घडी करून ठेवला. मग जे सांगणं भाग होतं ते सांगितलं. कमीत कमी शब्दांत.

ताई रडली नाही. दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं आणि तशीच बसून राहिली. भाऊ आत आला, तिला हलवायला लागला, तरी तिने हात काढले नाहीत.

६

धाकटी वजनखोलीतच होती. बाईंनी दोन्ही कागद आणि तक्ता तिच्यासमोर ठेवला. तिने त्यांच्याकडे नजर टाकली आणि हातातला चमचा खाली ठेवला.

"त्या आठवड्यात सोमवारी पहिल्यांदा मोजलं तेव्हा सुळका कागदाबाहेर गेला," ती म्हणाली. "मला वाटलं माझीच चूक, वजन करताना गोंधळ झाला. मालक दारात उभे, खाली ट्रक उभा. म्हटलं, आज जुना कागद लावू, उद्या शांतपणे पुन्हा मोजू. मंगळवारी मोजलं. चूक नव्हती. ट्रक गेला होता."

"तेव्हाच सांगायचं."

"रोज ठरवायची. मग ती शिक्षिका गेली. त्यानंतर कसं सांगणार?" तिचा आवाज कोरडा होता. "शनिवारी सरांना सांगितलं. पाया पडले त्यांच्या. ते म्हणाले, सोमवारी मी स्वतः मोजतो, जो आकडा येईल तो कळवतो, तुझं नावही कळवावं लागेल. मॅडम, दोन वर्षं मी त्यांची जीभ झाले होते. दोन वर्षं खोटे आकडे त्यांच्या नावावर लिहिले. ते त्यांना चालले. मी एकदाच म्हटलं, माझ्यासाठी डोळे मिटा."

"खोट्या चवीने कुणी मेलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

धाकटीने खाली ठेवलेला चमचा सरळ केला. मग म्हणाली, "मला वाटलं चक्कर येईल. दवाखान्यात नेऊ. मोजायचं राहून जाईल."

"तुम्ही साधी पूड बरणीत आधीच भरली होती. त्यांनी मोजली असती तरी दोनच टक्के आले असते. तुमचं काम बरणी बदलूनच झालं होतं. उरलेली पूड मोरीत ओतता आली असती."

"ते मानले नसते. दोन टक्के आले असते तरी मी शनिवारी बोललेलं त्यांनी ऐकलं होतं."

हे बोलून गेल्यावर तिला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं असावं. ती टेबलाची कड धरून हळूच खाली बसली.

"मंगळवारी किती आलं होतं?" बाईंनी विचारलं.

"अडतीस पूर्णांक चार."

"आणि ट्रकमध्ये किती बाटल्या होत्या?"

"अठराशे."

बाईंनी हे दोन आकडे लिहून घेतले, खाली तिची सही घेतली आणि ताबडतोब चौकीवर फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून चौकीतले सगळे फोन त्याच कामाला लागले. दुकानांतून बाटल्या परत यायला लागल्या, खोक्यांनी भिंत भरली. दुपारपर्यंत सहाशे वीस. बाकीच्या विकल्या गेल्या होत्या. ज्या दुकानदारांकडे गिऱ्हाइकांचे नंबर होते त्यांच्या याद्या आल्या, आणि हवालदार एकेका नंबराला तेच वाक्य सांगत बसला. काहींनी घाबरून बाटली लगेच आणून दिली. काही नंबर लागलेच नाहीत.

चारच्या सुमारास एक महिला फोनवर त्याच्याशी भांडायला लागली.

"परत कशाला करू?" तिचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत येत होता. "तीन आठवड्यांत चार किलो उतरलेत माझे. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी लागू पडलंय. छातीत जरा धडधडतं, पण ते चालायचंच. तुम्ही कोण मला सांगणारे?"

हवालदाराने हताशपणे बाईंकडे पाहिलं. त्यांनी त्याच्या हातातून फोन घेतला.

"आज किती घेतल्या?" त्यांनी विचारलं.

"दोन. आता संध्याकाळच्या दोन घेणार आहे."

"घेऊ नका. पत्ता सांगा."

"पण मी म्हणते..."

"पत्ता सांगा, ताई," बाई म्हणाल्या. हवालदाराने त्यांना घाईत असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पत्ता लिहून होण्याआधीच त्या उभ्या राहिल्या होत्या, आणि तो गाडीच्या किल्ल्या शोधेपर्यंत जिना उतरत होत्या.